शुई-युआनच्या चोवीस पिना

आमच्या बंदरात माणूस जिवंत आहे की नाही हे तीन वह्या सांगतात. एक सरकारी दप्तरातली, दुसरी मच्छीमार संघातली आणि तिसरी समुद्रदेवी माझूमातेच्या देवळातली, दिव्यांची. पहिल्या दोन वह्यांप्रमाणे वू शुई-युआन मेला त्याला नऊ वर्षं झाली. तिसरीत तो जिवंत होता. तिसरी वही माझ्या ताब्यात असते.

माझं नाव काओ. आयुष्यभर संघात आकडेमोड केली. निवृत्त झालो तेव्हा बायको म्हणाली, आता घरात बसून माझ्या भाजीच्या पिशव्या तपासायच्या नाहीत. तेव्हापासून देवळात बसतो. काम सोपं आहे. ज्याला वर्षभरासाठी दिवा हवा त्याचं नाव, जन्मतिथी आणि पत्ता लिहून घ्यायचा. पत्ता नीट हवा, नाहीतर देवी आशीर्वाद पाठवणार कुठे? दिवे फक्त जिवंतांचे. मेलेल्यांची नावं मागच्या दालनात लाकडी पाट्यांवर असतात आणि त्यांची वही वेगळी. शुई-युआनच्या पत्त्याच्या रकान्यात मी दर वर्षी त्याच्या बोटीचं नाव लिहायचो आणि पुढे 'दक्षिण प्रशांत'. देवळाच्या मंडळाचे अध्यक्ष ल्याओ, बर्फाच्या कारखान्याचे मालक, गालात विडा धरून दर वर्षी एकच विनोद करायचे.

"काओ, तिकडे टपाल किती दिवसांत पोचतं रे?"

"तुमच्या बर्फाच्या आधी पोचतं, अध्यक्ष."

नियमानं बघितलं तर माझं चुकत होतं. पण नियम सांगायचा कुणाला, तर त्याच्या आईला, बोंग-ची आजीला. 'असू दे, वाढवू कसंतरी' असा तिच्या नावाचा अर्थ. चौथी मुलगी झाली म्हणून बापानं ठेवलेलं. अठ्ठ्याहत्तर वर्षं ती असूच देत आली आहे. साठ वर्षं मासे साफ केले, नवरा पुरला, आणि मुलाची बोट माणसांवाचून तरंगताना सापडली तेव्हा सुनेला म्हणाली, "तुला कागदावर सही करायची तर कर. तुझं वय आहे अजून. मला काही घाई नाही." सुनेनं मृत्यूच्या दाखल्यासाठी सही केली आणि ती ताओयुआनला निघून गेली. कुणी कुणाला शिव्या दिल्या नाहीत. हे मी मुद्दाम सांगतो, कारण आमच्याकडे असं क्वचित होतं.

हे सगळे दिवे ज्यात बसवलेत तो मनोरा शुई-युआननंच उभा केलेला. दूर पल्ल्याच्या ट्यूना बोटीवर तो इंजिन सांभाळायचा. शेवटच्या फेरीआधी दोन महिने घरी होता, तेव्हा त्यानं मनोऱ्याच्या पोटात तळहाताएवढा संगणक बसवला. नुसता हिरवा बोर्ड, ना डबा ना पडदा. एका कडेला पितळी टाचण्यांसारख्या पिनांची रांग. त्यातल्या चोवीस पिनांना चोवीस तारा, आणि एकेक तार एकेका ओळीला. ओळीत पंचेचाळीस दिवे. पहाटे पाचला खालून वर एकेक ओळ लागायची, मध्ये दोन श्वासांचं अंतर. बोटीच्या पोटात बर्फाचे खण एकामागून एक भरत जावेत तसं.

आजी पावणेपाचला येऊन बसायची. वरची ओळ लागली की म्हणायची, "उठला," आणि बाजाराला जायची. तिचा देवीशी फारसा संबंध नव्हता. नमस्कार करायची, पण शेजारणीला करावा तसा. ती यायची ते मुलगा कामावर आला का बघायला. मोतीबिंदूचा आठवडा सोडला तर नऊ वर्षांत तिचा खाडा नाही. माझे आहेत.

*

बाराव्या महिन्याच्या चोविसाव्या दिवशी आम्ही देवांना वर पाठवतो, वर्षभराचा अहवाल द्यायला. नव्या वर्षाच्या चौथ्या दिवशी ते परततात. मधल्या काळात देऊळ म्हणजे मालक गावाला गेलेलं दुकान. झाडलोट, डागडुजी, चहा, चहाड्या. कौल लावायचा नाही, कारण उत्तर द्यायला घरी कुणी नसतं.

यंदा पंचविसाव्या दिवशी पहाटे मनोरा लागला नाही.

पाच वाजले, सव्वापाच झाले. आजी लाल प्लास्टिकच्या स्टुलावर बसून अंधाराकडे बघत होती. मी म्हटलं, "आजी, वीज गेली असेल."

"पंखा फिरतोय की तुझ्या डोक्यावर."

साडेआठपर्यंत बसली. मग उठून, बाजार सोडून, थेट छी-मिंगच्या दुकानात गेली.

यान छी-मिंगचं धक्क्यावर मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. वय चौतीस, हात सोन्याचे, पण म्हाताऱ्यांना नाही म्हणता येत नाही. त्यामुळे दुकानात सदा ज्यांचा नुसता आवाज बंद झालाय असे फोन आणि त्यांच्या मालकिणी. त्यानं येऊन मनोऱ्याचं दार उघडलं. बोर्डावर शेवाळासारखी पूड चढली होती.

"खाऱ्या हवेनं खाल्लाय, काका. वर उदबत्तीची राख. इतकी वर्षं टिकला हेच नवल."

बोर्ड मेला होता, पण त्यातलं नखाएवढं कार्ड शाबूत होतं. शुई-युआनचा प्रोग्राम त्याच्यातच.

ल्याओ अध्यक्ष तोवर रंगीत पत्रक घेऊन हजर. कुठल्याशा कारखान्याचा नवा मनोरा, सात रंगांत लागणारा, फोनवरून चालणारा. "चौथ्या दिवशी देवी परत येते," ते म्हणाले. "तोवर तुमचा हा पेटला तर राहू दे, माझं काही म्हणणं नाही. नाही पेटला तर पाचव्या दिवशी कारखान्याची गाडी येईल. त्यात नावं ओळखपत्राच्या क्रमांकानं चढवतात, हं." हे शेवटचं माझ्याकडे बघून. मेलेल्या माणसाचा क्रमांक ते यंत्र घेत नाही, हे त्यांना ठाऊक होतं आणि मलाही. आजीला सांगायची गरज पडली नाही. तिनं पत्रक उलटं धरलं होतं तरी सगळं वाचलं होतं.

*

छी-मिंगकडे नव्या जातीचा एक बोर्ड पडून होता. कार्डातला प्रोग्राम त्यानं आधी आपल्या संगणकात उतरवून घेतला, तिथून नव्या बोर्डात टाकला, आणि चालवला. एकच ओळ आली. त्यानं वाचून दाखवली नाही.

आजी स्टूल ओढून जवळ सरकली. "काय म्हणतो?"

"म्हणतो, लायब्ररी सापडत नाही."

"ती कोण?"

छी-मिंगनं माझ्याकडे मदतीसाठी बघितलं. मी छताकडे बघितलं.

"आजी, असं बघा. बोटवाला गिऱ्हाइकाशी बोलतो का? नाही. मध्ये लिलाववाला असतो. बोटवाला म्हणतो विक, लिलाववाला ओरडतो, गिऱ्हाईक बोट वर करतं. तसं शुई-युआनदादांचा प्रोग्राम म्हणतो, पहिली ओळ लाव. पण तो स्वतः पिनेला हात लावत नाही. मधल्या लिलाववाल्याला सांगतो. कुठली पीन कुठे आहे, तिला कसं उठवायचं, ते त्याला ठाऊक. त्यालाच लायब्ररी म्हणतात. कुणीतरी लिहून ठेवलेली असते, आपण आणून बसवायची."

"मग आण."

"आणतोय."

आणायला गेला तर दुकानाला कुलूप. ज्या परदेशी गृहस्थानं ती लायब्ररी लिहिली होती त्यानं वर्षानुवर्षं फुकट वाटली. लोक फुकटचं घेऊन वर त्यालाच शिव्या द्यायचे, माझ्या बोर्डावर का चालत नाही, उद्याच्या उद्या दुरुस्त कर. एक दिवस त्यानं सगळं काढून घेतलं आणि घरी बसला.

"शहाणा माणूस," आजी म्हणाली.

"आजी, तुम्ही कुणाच्या बाजूनं आहात?"

"फुकट मासा दिला तर लोक काटे मोजतात. मी बघितलंय. पुढे बोल."

पुढे असं होतं की लिलाववाला गेला तरी त्याचे चेले असतात. लोकांनी जुन्या नकला जपल्या होत्या. छी-मिंगनं एक आणली. पडद्यावर अक्षरांचा धबधबा सुरू झाला, आजी खूष. धबधबा थांबला, सगळं नीट बसलं असा निरोप आला. छी-मिंगनं पिनेला एक छोटा लाल दिवा जोडला आणि प्रोग्राम चालवला. लायब्ररीनं बोर्डाकडे बघितलं आणि म्हणाली, हा कोण? याला मी ओळखत नाही. आणि बंद पडली.

दुसरी नकल आणली. तिनं ओळख विचारली नाही. प्रोग्राम धावला, ओळीमागून ओळ पडद्यावर उमटली: पहिली लागली, दुसरी लागली, तिसरी लागली, अशा चोवीस. लाल दिवा काळा तो काळाच.

"लागली म्हणतो आणि लागत नाही," मी म्हणालो. "आमच्या संघात असे अहवाल पुष्कळ यायचे."

छी-मिंग हसला नाही. दोन दिवस तो त्याच्यामागे होता. काढली, बसवली, पुन्हा काढली. वर्षअखेरीची गिऱ्हाइकं परत पाठवली. शेवटी सव्विसाव्या दिवशी संध्याकाळी खुर्ची मागे ढकलून म्हणाला, "नाही होणार. नव्या बोर्डात पिनांचा सगळा कारभार वेगळ्या चिपकडे गेलाय. जुनी लायब्ररी जुन्या दारावर जाऊन हाका मारते. तिथे आता कुणी राहत नाही."

तो खाकरला.

"पण आजी, त्यात अडचण काय आहे? मी नव्या लायब्ररीवर नवा प्रोग्राम लिहितो. तासाभराचं काम. दादांनी लिहिलंय त्यात बघून, तंतोतंत. दोन श्वासांचं अंतरसुद्धा. तुम्हाला फरक कळणार नाही."

"लिहिणार कोण?"

"मी."

"मग पहाटे पाचला उठणार कोण?"

त्यानं लाल दिव्याची तार पिनेवरून काढली.

"तू चांगला मुलगा आहेस," आजी म्हणाली. "तुझी आई असती तर तुझं लग्न झालं असतं. पण तू उठलास काय आणि त्या कारखान्याचं यंत्र उठलं काय, मला सारखंच."

ती गेल्यावर छी-मिंग मला हळूच म्हणाला, "काका, न सांगताच लिहून टाकू का? त्यांना काय कळणार?"

मला मोह झाला, खोटं कशाला बोलू. पण मी हिशेब केला. जी बाई डोळे मिटून, नुसते कल्ले चाचपून, मासा कुठल्या बोटीचा ते सांगते, तिला किती दिवस फसवणार? आणि नऊ वर्षं एक खोटं मी लिहीतच होतो. ते तिला माहीत होतं, मला माहीत होतं, म्हणून ते चाललं होतं. दुसरं फक्त आम्हा दोघांना माहीत असणार. ते कुजलं असतं.

"जुन्या जातीचा बोर्ड शोध," मी म्हणालो.

*

सत्ताविसाव्या दिवशी तो तैपेईला गेला. क्वांग-ह्वा बाजारातल्या माणसांनी त्याच्याकडे अशा नजरेनं बघितलं जशी मी बैलगाडीचं चाक मागणाऱ्याकडे टाकेन. दहा वर्षांपूर्वीचा बोर्ड? दादा, तो आता फक्त शाळांच्या माळ्यावर. त्या एका वाक्यावर तो परतला, आणि लो-तुंगच्या एका शाळेत शिकवणाऱ्या मास्तरांना गाठून, त्यांच्या मुलीच्या फोनची फुटलेली काच बदलून देऊन, माळ्यावरचा एक बोर्ड घेऊन आला. एकच होता. डब्यावर मुलांनी डुकराचं चित्र काढलेलं.

नव्या वर्षाच्या पहिल्या दुपारी छी-मिंगनं त्यात शुई-युआनचं कार्ड सरकवलं. आजी तळलेल्या गोड तांदळाच्या वड्या घेऊन आली होती. वीज दिली. बराच वेळ नुसती अक्षरं. मग लाल दिवा लागला. दोन श्वास. विझला, तार दुसऱ्या पिनेवर नेली, पुन्हा लागला. असं करत चोवीस पिना तपासल्या. चोवीसच्या चोवीस.

"उठला," आजी म्हणाली.

तेवढंच. पण छी-मिंगनं सांगितलं की ती सहा वड्या खाऊन गेली, आणि वड्या त्याच्यासाठी आणलेल्या होत्या.

इथवरचा जमाखर्च बघितला तर शिल्लक आमच्या बाजूला होती. इथून पुढे जे झालं त्यात कुणाचा वाईट हेतू नव्हता. हेतू वाईट असता तर मला तो आधी दिसला असता. मी तेवढा मुरलेला आहे.

तिसऱ्या दिवशी छी-मिंग बोर्ड घेऊन देवळात आला. "बसवून टाकतो काका. उद्या गर्दी असेल."

आजीनं दार अडवलं. "आज नाही."

"का?"

"देवी घरी नाही. मालक नसताना कुणाच्या घरात काही ठेवतोस का तू? उद्या ती आली की धूपपात्रावरून फिरवायचं, मग आत."

आता हे आमच्याकडे कुणालाही विचारा. जी वस्तू कामाला घ्यायची ती आधी धूपपात्राच्या धुरावरून तीन वेढे फिरवतात. ताईत असो, नव्या गाडीची किल्ली असो, मुलाचं परीक्षेचं ओळखपत्र असो. धूर लागल्याशिवाय वस्तूत जीव येत नाही. छी-मिंगला यंत्रातलं कळतं, पण तोही इथलाच. त्याच्या दुकानातली प्रत्येक पकड त्या धुरावरून गेलेली आहे. त्यानं माझ्याकडे बघितलं.

मी म्हणालो, "एका दिवसानं काय होतं?"

हे वाक्य माझं आहे. वहीत कुठे लिहिलेलं नाही, पण माझ्याच नावावर आहे.

*

चौथ्या दिवशी सकाळी देवी परत आली. फटाके, ढोल, धूर. बंदरातलं प्रत्येक घर मूठभर उदबत्त्या घेऊन उभं. एरवी झाडूवाली मावशी मिनिटामिनिटाला अर्ध्या जळलेल्या काड्या उपटून टाकते, म्हणजे पात्रात गर्दी होत नाही. त्या दिवशी ल्याओ अध्यक्षांनी तिला थांबवलं होतं. संघाच्या पत्रकासाठी फोटो काढायचा होता. "उदबत्त्यांचं जंगल दिसलं पाहिजे," ते म्हणाले. जंगल खरंच दिसत होतं. काड्यांना काड्या चिकटल्या होत्या.

नऊच्या सुमाराला आजी पुढे आली. न्हालेली, केस चोपून बसवलेले. छी-मिंगनं बोर्ड तिच्या हातात दिला, कार्ड आतच. अशा वस्तू लाल तबकात ठेवून फिरवायची पद्धत आहे. तबक माझ्या मेजावर होतं. मी ते उचललंसुद्धा. पण ती बोर्ड दोन्ही तळहातांवर घेऊन अशी चालली होती की मला ते मध्ये आणवेना.

पहिला वेढा. दुसरा. धूर तिच्या डोळ्यांत गेला, तिनं डोळे मिटले. तिसऱ्या वेढ्याला पात्रातून भप्कन ज्वाळ उठली, हातभर उंच. आजीनं हात मागे घेतले. साठ वर्षं सुरीजवळ राहिलेले हात, ते शहाणे असतात. मालकिणीला विचारत बसत नाहीत.

बोर्ड आगीत पडला.

"पात्र पेटलं!" मागून कुणीतरी ओरडलं आणि एकदम जल्लोष झाला. कारण पात्रानं आपणहून पेट घेणं म्हणजे देवीचा निरोप. अध्यक्ष तर नाचायचे बाकी होते. "शुभ आहे! शुभ आहे! कौल आणा, विचारा आईला काय म्हणायचंय!" लोक फोटो काढत होते. छी-मिंग एकटा चिमटा घेऊन राखेत शिरला होता. त्यानं बोर्ड बाहेर काढला तेव्हा पिना एका बाजूला कलंडल्या होत्या, कार्डाचा काळा थेंब झाला होता, आणि चंदनाच्या वासात जळक्या प्लास्टिकची घाण मिसळली होती.

"आजी, काही बिघडलं नाही," तो धापा टाकत म्हणाला. "ऐका, प्रोग्रामची नकल आहे माझ्याकडे. लायब्ररीचीही मिळेल, जुन्या बोर्डावर ती चालते, आपण बघितलंय ना! फक्त बोर्ड हवा. दुसरी शाळा शोधतो. दहा दिवस द्या."

मी अध्यक्षांकडे गेलो. म्हटलं, आता एक माणुसकीचं करा. त्यांनी आजीकडे बघितलं, विडा थुंकून आले, आणि मी त्यांच्याबद्दल जे काही लिहिलंय त्याच्या विरुद्ध बाजूला हे एक लिहायलाच हवं, की ते म्हणाले, "दहा काय, महिना घे. गाडी मी पुढे ढकलतो. आणि काओ, त्या नावाचंही बघू काहीतरी."

म्हणजे सगळे तयार होते. नऊ वर्षांत पहिल्यांदा सगळं बंदर तिच्या बाजूला उभं होतं.

आजी म्हणाली, "नको."

"नको काय आजी? मी सांगतोय ना, होईल!"

"पोचलं ते."

छी-मिंगला कळलं नाही. मला कळलं, पण मला कळायचं नव्हतं.

"जे जळतं ते कुणाकडे जातं?" तिनं त्याला विचारलं. रागावून नव्हे. लहान मुलाला पाढा विचारावा तसं. "तुझ्या आईला तू काय काय पाठवलंस? कागदाचं घर पाठवलंस, कागदाचा फोन पाठवलास. कसा पाठवलास?"

"जाळून," तो म्हणाला.

"धुरावरून नेलेलं जिवंतांचं. आगीत गेलेलं त्यांचं. मी धुरावरूनच नेत होते. माझा हात तसा नव्हता. त्यानं घेतलं."

"आजी, ते उदबत्त्या जास्त झाल्या म्हणून," मी म्हणालो. "अध्यक्षांच्या फोटोपायी."

"असेल." ती माझ्याकडे वळली. "काओ, मागच्या दालनाची वही कुठे असते?"

मी म्हटलं, आज सणाचा दिवस आहे, ती आज उघडत नाहीत. ती म्हणाली, उघड. मी म्हटलं, तिथीची चौकशी लागेल. ती म्हणाली, सरकारकडे आहे, सुनेनं लिहून दिलीय, बघून घे. मग मी म्हटलं, चष्मा घरी राहिला. ती माझ्या नाकावरच्या चष्म्याकडे बघत उभी राहिली.

मी पुढच्या वहीत त्याच्या नावावर रेघ मारली आणि मागच्या वहीत नाव लिहिलं. तिथे पत्त्याचा रकाना नसतो.

*

दुपारी ती छी-मिंगच्या दुकानात गेली. मीही गेलो, कारण मला देवळात बसवेना. तिनं विचारलं, "त्याला वीज द्यायचं ते काळं असतं ना, वायरवालं, ते कुठंय?"

छी-मिंगनं खणातून काढून दिलं.

"ते राहिलंच इथे. नुसतं यंत्र पाठवून त्यानं काय करायचं?" तिनं ते वर्तमानपत्रात गुंडाळलं. "आणि ती तुझी लायब्ररी? दोन दिवस हैराण केलं ती? ती गेली का बरोबर?"

"कार्डातच होती, आजी."

"म्हणजे तिथे पुन्हा बसवावी लागणार नाही."

"नाही."

"बरं झालं. त्याला धीर नाही एवढा." ती जरा थांबली. "नकल आहे म्हणालास."

"आहे. या संगणकात."

"पूस."

छी-मिंगनं माझ्याकडे बघितलं. त्या क्षणी मी काही बोलायला हवं होतं. राहू दे आजी, कुणाचं काय जातं, असं काहीतरी. मी दुसऱ्यांच्या वतीनं नेहमी बोलतो, त्यासाठीच लोक मला ओळखतात. जमलं नाही.

"एका माणसाची हजेरी दोन ठिकाणी नको," आजी म्हणाली. "तिथे उठेल की इथे उठेल? ओढाताण होते."

त्यानं बटण दाबलं. संगणकानं विचारलं, नक्की का? त्यानं पुन्हा दाबलं. आजी पडद्याकडे बघत होती. तिथे आता काही नाही, असं त्यानं सांगितल्यावर तिनं मान हलवली, पुडकं काखेत धरलं आणि निघाली.

देवळामागच्या भट्टीत कागदी नोटा आणि कागदी वस्तूंशिवाय काहीही जाळायला बंदी आहे. प्लास्टिक तर मुळीच नाही. तशी पाटी तिथे लावलेली आहे, माझ्याच अक्षरात. भट्टीचं दार लोखंडी आणि जड आहे, तिला एकटीला ओढवत नव्हतं. मी ओढून धरलं.